अटलांटिक हरिकेन: आफ्रिकेतल्या लहरीपासून शेवटच्या पावसापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर आपला संघ बार्बाडोसमध्येच अडकला. विमानतळ बंद झाला होता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर जी गर्दी उसळली, ती आणखी एक-दोन दिवस आधी उसळली असती. मध्ये बेरिल नावाचं हरिकेन आडवं आलं. त्या आठवड्यात कितीतरी मराठी घरांत हरिकेनबद्दलचे प्रश्न पहिल्यांदाच निघाले असतील. ज्यांची मुलंबाळं ह्यूस्टन, फ्लोरिडा किंवा न्यू जर्सीत आहेत, त्यांच्या घरी ते दरवर्षी निघतात.

खालच्या उत्तरांत बेरिलचं उदाहरण वारंवार येईल, कारण जन्मापासून विरून जाण्यापर्यंतचे जवळपास सगळे टप्पे त्यात बघायला मिळतात. माझा आग्रह एकच आहे: हरिकेन किनाऱ्यावर धडकतं तो एक दिवस म्हणजे त्याचं सगळं आयुष्य नव्हे. वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त माणसं दगावतात, आणि पुष्कळदा वादळ ओसरत चाललेलं असतं तेव्हा.

हरिकेन म्हणजे आपल्याकडचं चक्रीवादळच ना?

हो. कोकणात ३ जून २०२० ला आलेलं निसर्ग आणि कॅरिबियनमधलं बेरिल यांच्यामागचं विज्ञान एकच आहे. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा सलग वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की त्याला हरिकेन म्हणतात. आकड्यांची तुलना करताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत हा वेग एका मिनिटाच्या सरासरीवर मोजतात, आपलं हवामान खातं तीन मिनिटांच्या सरासरीवर. त्यामुळे त्याच वाऱ्याचा अमेरिकी आकडा थोडा मोठा दिसतो.

ही वादळं खरंच आफ्रिकेत जन्मतात?

पुष्कळशी तिथूनच निघतात, आणि सगळ्या कथेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. उन्हाळ्यात सहारा भाजून निघत असतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताकडचा प्रदेश तुलनेने गार व दमट असतो. तापमानाच्या या तफावतीमुळे जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगवान वारा तयार होतो. तो सरळ वाहत नाही. त्याच्यात नागमोडी वळणं पडतात आणि त्या वळणांबरोबर कमी दाबाची लहर व गडगडाटी ढगांचे पुंजके पश्चिमेकडे सरकत राहतात. सुदान-चाडच्या बाजूला सुरू झालेली लहर सेनेगलचा किनारा ओलांडून केप व्हर्ड बेटांजवळ समुद्रावर येते. साधारण तीन ते पाच दिवसांनी एक, अशा वर्षाला सुमारे ६० लहरी येतात.

वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनच्या पाच श्रेण्या करतात, पाचवी सर्वांत जोरदार. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या हरिकेनांपैकी आणि नाव मिळालेल्या इतर वादळांपैकी सुमारे ६० टक्के या लहरींतून होतात. तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरच्या हरिकेनांत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जातं. कारण सरळ आहे: आफ्रिकेपासून कॅरिबियनपर्यंतचा सगळा गरम समुद्र त्यांना वाढायला मिळतो. बाकीची वादळं मेक्सिकोच्या आखातात, पश्चिम कॅरिबियनमध्ये किंवा उत्तरेकडून खाली उतरलेल्या थंड हवेच्या सीमेवर तयार होतात.

६० लहरी येतात, तर ६० हरिकेन का होत नाहीत?

कारण अटी पुष्कळ आहेत आणि त्या एकाच वेळी जुळाव्या लागतात. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर हवं, आणि तेही नुसतं वरवर असून भागत नाही. सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत पाणी गरम असावं लागतं. हवेच्या मधल्या थरांत ओलावा हवा. जागा विषुववृत्तापासून निदान ५ अंश दूर हवी, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारं वळण विषुववृत्तावर शून्य असतं आणि त्या वळणाशिवाय वादळ गोल फिरूच शकत नाही.

शिवाय समुद्रालगतचे वारे आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्या वेगात व दिशेत फार फरक नसावा. फरक मोठा असला तर ढगांचा मनोरा उभा राहता राहता तिरपा होतो, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे वाहवत जातो. कितीतरी आशादायक लहरी याच कारणाने मरतात. सहाराची कोरडी, धुळकट हवा हा दुसरा मोठा अडथळा. ती थेट कॅरिबियनपर्यंत पोचते आणि वाटेत ढगांतलं पाणी सुकवून टाकते. म्हणजे ज्या आफ्रिकेतून वादळाचं बीज येतं, तिथूनच ते मारणारी हवाही येते.

एवढी प्रचंड ऊर्जा येते कुठून?

समुद्राच्या बाष्पातून. कुकरची वाफ हाताला लागली की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं, कारण वाफेचं पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता बाहेर पडते. हरिकेनच्या ढगांत तेच घडतं, फक्त शेकडो किलोमीटरच्या परिसरात आणि अहोरात्र. गरम समुद्रावरून उठलेलं बाष्प वर जाऊन थंड होतं, त्याचे थेंब होतात, सुटलेली उष्णता भोवतालची हवा तापवते. तापलेली हवा आणखी वर चढते आणि खाली दाब आणखी घटतो. कमी दाबाकडे चहूबाजूंनी हवा धावून येते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. वारा वाढला की समुद्रावरून बाष्प उचललं जाण्याचं प्रमाणही वाढतं, म्हणून हे चक्र स्वतःला जोर देत जातं.

या चक्राला वरचं दार उघडं लागतं. चढलेली हवा माथ्यावरून बाहेर पसरून गेली नाही तर खाली दाब घटायचा थांबतो. उपग्रहाच्या चित्रात जोमदार हरिकेनभोवती तंतुमय पांढरे ढग बाहेरच्या दिशेने पसरलेले दिसतात, तीच ही बाहेर पडणारी हवा. सरासरी हरिकेनच्या पावसातून सुटणारी उष्णता जगाच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या सुमारे २०० पट भरते, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. वाऱ्यात उतरतो तो तिचा अगदी लहानसा हिस्सा.

आयुष्याचे अधिकृत टप्पे कोणते?

सुरुवातीला नुसता ढगांचा विस्कळीत समूह असतो. त्याला निश्चित केंद्र आलं आणि वारे त्याभोवती फिरू लागले की ते डिप्रेशन. या टप्प्यावर फक्त क्रमांक मिळतो. वारा ताशी ६३ किलोमीटरवर गेला की ते उष्णकटिबंधीय वादळ ठरतं आणि नाव मिळतं. ११९ ला हरिकेन, १७८ पासून पुढे 'मोठं हरिकेन'. यातले आकडे सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. ११८ आणि ११९ मध्ये निसर्ग काही वेगळं करत नाही.

बेरिल २८ जूनला बार्बाडोसच्या पूर्वेला सुमारे दोन हजार किलोमीटरवर डिप्रेशन झालं. २९ ला हरिकेन, ३० ला चौथी श्रेणी. १ जुलैला ते बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं. ब्रिजटाउनच्या मच्छीमारांच्या बोटी फुटल्या, आणि ग्रेनाडाच्या अखत्यारीतल्या कॅरियाकू बेटावर ते थेट आदळलं. तिथली बहुतेक सगळी घरं मोडली. रात्रीतून ते पाचव्या श्रेणीत गेलं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकरच्या तारखेला पाचवी श्रेणी कधीच आलेली नव्हती.

दोन दिवसांत एवढी वाढ कशी झाली?

वाऱ्याचा वेग २४ तासांत ताशी ५५ किलोमीटर किंवा अधिक वाढला तर त्याला झपाट्याची तीव्रतावाढ मानतात. बेरिलच्या वाटेवरचं पाणी जूनच्या शेवटीच ऐन हंगामाइतकं तापलेलं होतं, आणि नुसतं वर नाही तर खोलपर्यंत. खोलीचा मुद्दा इथे फार मोठा आहे. हरिकेनचे वारे समुद्र घुसळतात आणि खालचं गार पाणी वर आणतात, म्हणजे वादळ स्वतःचंच इंधन थंड करत असतं. खालचंही पाणी गरम असेल तर हा लगाम लागत नाही. मेक्सिकोच्या आखातात कॅरिबियनमधून आत शिरणाऱ्या गरम प्रवाहावर २००५ मध्ये कट्रीना आणि रिटा अशीच फोफावली.

किनाऱ्यावरच्या माणसासाठी याचा अर्थ भयंकर आहे. रात्री झोपताना साधं वादळ होतं आणि सकाळी चौथ्या श्रेणीचं हरिकेन दारात, असं होऊ शकतं. गाव रिकामं करायला दोन-तीन दिवस लागतात.

डोळा म्हणजे काय? तिथे खरंच शांत असतं?

खरंच असतं. वर चढलेल्या हवेतली थोडी हवा मध्यभागी खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरतात. डोळ्याचा व्यास सहसा ३० ते ६५ किलोमीटर असतो. २००५ च्या विल्माचा डोळा आकसून चार किलोमीटरहून लहान झाला होता आणि दाब ८८२ मिलिबारवर उतरला होता. अटलांटिकमधला हा नोंदलेला सर्वांत कमी दाब. डोळ्याभोवती उंच ढगांचं कडं असतं आणि वादळातला सर्वांत जोरकस वारा त्या कड्यात असतो.

डोळा डोक्यावर आला की आकाश उघडतं, लोक नुकसान बघायला बाहेर पडतात, आणि काही वेळात कड्याची दुसरी बाजू येते. आता वारा उलट दिशेने असतो. पहिल्या माऱ्यात खिळखिळी झालेली छपरं दुसऱ्यात उडतात.

मोठ्या हरिकेनांत जुन्या कड्याबाहेर नवं कडं तयार होऊन जुन्याला गिळतं. त्या काळात वाऱ्याचा कमाल वेग घटतो, म्हणून बातम्यांत 'हरिकेन कमजोर झालं' असं येतं. पण त्याच वेळी वाऱ्याचा पसारा रुंदावतो, आणि पसारा वाढला की समुद्राचं पाणी जास्त चढतं.

त्याचा मार्ग कोण ठरवतं?

भोवतालचे वारे. उत्तर अटलांटिकवर उन्हाळ्यात जास्त दाबाचं एक विस्तीर्ण क्षेत्र असतं, त्याच्या दक्षिण कडेने वादळं पश्चिमेकडे ढकलली जातात. या क्षेत्राच्या पश्चिम टोकाशी आली की ती उत्तरेला आणि मग ईशान्येला वळतात. ते क्षेत्र पसरलेलं असेल तर वादळ कॅरिबियन किंवा मेक्सिकोकडे जातं, आक्रसलेलं असेल तर भर समुद्रातच वळून कुणालाही न दुखवता संपतं.

उत्तर गोलार्धात वादळाच्या पुढे सरकण्याच्या दिशेने बघितलं तर उजवी बाजू जास्त घातक असते, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात. निसर्गच्या वेळी मुंबई डाव्या बाजूला राहिली, आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या.

पहिल्या श्रेणीचं हरिकेन म्हणजे किरकोळ ना?

मला या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हे वाटतं: नाही.

श्रेण्यांची मोजपट्टी अभियंता हर्बर्ट सॅफिर आणि हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते: पहिली श्रेणी ११९ ते १५३, दुसरी १७७ पर्यंत, तिसरी २०८ पर्यंत, चौथी २५१ पर्यंत, पाचवी त्यावर. पाऊस किती पडेल, समुद्र किती चढेल, वादळ किती मोठं आहे, ते किती रेंगाळेल, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. पूर्वी तिच्यात समुद्राच्या चढाचा अंदाजही असायचा. तो फसवा ठरतो हे दिसल्यावर २०१० पासून काढून टाकला.

कट्रीना २००५ मध्ये पाचव्या श्रेणीवरून तिसऱ्यावर उतरून किनाऱ्याला लागली. तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं, कारण समुद्रात आदल्या दिवशी उठलेला फुगवटा वाऱ्याबरोबर लगेच उतरत नाही. २०१७ चं हार्वे टेक्सासच्या किनाऱ्यावर येऊन जागच्या जागी घोटाळत राहिलं. वारा मंदावला आणि एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. खुद्द बेरिल ८ जुलैला टेक्सासमध्ये माटागोर्डाजवळ पोचलं तेव्हा पहिल्याच श्रेणीचं होतं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, अनेकांकडे ती कित्येक दिवस आली नाही, आणि जुलैच्या उकाड्यात पंखा-एसीशिवाय माणसं दगावली. अशा मृत्यूंची सूचना कुठल्याही श्रेणीत मिळत नाही.

जमिनीवर आल्यावर ते कसं मरतं?

खालून बाष्प मिळणं बंद होतं. पहिल्या काही तासांतच वारा वेगाने उतरतो. झाडं, डोंगर, इमारती यांच्या घर्षणाने तो आणखी विस्कटतो. बेरिल ५ जुलैला मेक्सिकोत तुलुमजवळ धडकलं, युकातान ओलांडताना थकलं, आखातात पुन्हा पाणी मिळालं तशी उभारी धरली, आणि टेक्सासनंतर दोनेक दिवसांत संपलं. उरलेला पाऊस मात्र थेट व्हर्मांटपर्यंत जाऊन पूर आणून आला.

वारा मेला तरी ढगातलं बाष्प तसंच असतं. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला चौथ्या श्रेणीत लागलं. सर्वांत मोठा घात झाला तो शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत, ॲशव्हिलच्या परिसरात. ओल्या हवेला डोंगर आडवे आले, आधीच भिजलेल्या जमिनीवर आणखी पाऊस कोसळला, नद्यांनी गावं नेली. या वादळाने २०० हून अधिक बळी घेतले. डोंगरातल्या माणसाला हरिकेनची भीती वाटत नाही, आणि तीच अडचण आहे.

थंड समुद्रावर गेलं की संपतंच?

नेहमी नाही. उत्तरेकडे गेलेलं हरिकेन थंड आणि गरम हवेच्या तफावतीवर जगायला लागतं, म्हणजे आपली ऊर्जा मिळवण्याची पद्धतच बदलतं. डोळा नाहीसा होतो, आकार वेडावाकडा होतो, पसारा वाढतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागलं त्याच्या थोडंच आधी असं रूपांतर झालं होतं. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे ते हरिकेन उरलं नव्हतं, पण मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी चार मीटरच्या वर गेलं आणि भुयारी रेल्वे बुडाली. २०१७ चं ओफीलिया असंच रूप पालटून आयर्लंडवर गेलं.

एकूण किती दिवस जगतं?

बहुधा आठवडा-दीड आठवडा. काही वादळं दिवसभरही टिकत नाहीत. १८९९ मधलं सान सिरियाको, ज्याने प्वेर्तो रिकोला उद्ध्वस्त केलं, जवळजवळ २८ दिवस समुद्रावर होतं.

हंगाम एकच का? आपल्या अरबी समुद्रात तर दोनदा वादळं येतात.

अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचं शिखर १० सप्टेंबरच्या आसपास असतं. समुद्र हळू तापतो, म्हणून उन्हाळा सरत आल्यावर पाणी सर्वांत गरम असतं, आणि तेव्हाच वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक कमी झालेला असतो. १९९१ ते २०२० ची सरासरी वर्षाला १४ नाव मिळालेली वादळं, त्यांतली ७ हरिकेन, त्यांतली ३ मोठी. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, अटलांटिकवर वरचे वारे जोर धरतात आणि वादळं कमी होतात. २०२० मध्ये याच्या उलट, म्हणजे ते पाणी नेहमीपेक्षा गार असण्याची स्थिती, ला निना होता. त्या वर्षी विक्रमी ३० वादळांना नावं लागली.

आपल्याकडे समुद्र मे महिन्यातच तापलेला असतो, पण मान्सून आला की खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेकडचे जोरकस वारे सुरू होतात. त्या ओढाताणीत चक्रीवादळ उभं राहू शकत नाही. म्हणून मान्सूनच्या आधी एक हंगाम, नंतर एक.

हवामान बदलाने हरिकेन वाढली आहेत का?

संख्या स्पष्टपणे वाढली आहे असं म्हणता येत नाही. पण जगभरातल्या वादळांत तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीचा वाटा गेल्या चार दशकांत वाढला असण्याची शक्यता जास्त आहे, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, सहावा अहवाल सांगतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस वाढतो. समुद्राची पातळी चढली आहे, म्हणून तेच वादळ आज आलं तर पाणी जास्त आत शिरतं. माझ्या मते चर्चा 'किती वादळं' यावरून 'किती पाणी' याकडे वळायला हवी.

नावं कोण ठेवतं?

जागतिक हवामान संघटनेच्या सहा याद्या आहेत, प्रत्येकीत २१ नावं. दर सहा वर्षांनी यादी परत येते. फार विध्वंस केलेलं नाव कायमचं काढून टाकतात. बेरिल २०२५ मध्ये निवृत्त झालं, २०३० च्या यादीत त्या जागी ब्रिआना असेल. आपल्या भागातली नावं १३ देश सुचवतात आणि ती एकदाच वापरली जातात.

घरचं माणूस तिकडे आहे. भारतात बसून नेमकं काय बघावं?

मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं संकेतस्थळ बघावं, फिरून आलेले व्हिडिओ नव्हेत. त्यांची मुख्य पत्रकं दर सहा तासांनी निघतात: भारतीय वेळेने दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्रीनंतर अडीच आणि सकाळी साडेआठ. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मध्ये आणखी पत्रकं येतात. त्यामागे खऱ्या मोजण्या असतात. विमानं वादळात शिरतात आणि पॅराशूट बांधलेली उपकरणं खाली सोडून दाब, ओलावा, वारा मोजतात. वादळात मुद्दाम विमान नेण्याची सुरुवात १९४३ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळ झाली.

नकाशावरच्या पांढऱ्या शंकूचा अर्थ नीट समजून घ्यावा. वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्याच्या आत राहतं, म्हणजे एकदा बाहेरही जातं. आणि तो फक्त केंद्राचा अंदाज आहे. वारा, पाऊस, समुद्राचं पाणी शंकूच्या बाहेर कितीही दूर पोचू शकतं. 'हरिकेन वॉच' म्हणजे हरिकेनची शक्यता, आणि ती जोरदार वारे पोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी जाहीर होते. 'हरिकेन वॉर्निंग' सुमारे ३६ तास आधी येते आणि तिचा अर्थ तयारी उरकायची वेळ आली. घरच्यांना श्रेणी विचारू नका. त्यांचं घर पाणी शिरण्याच्या कुठल्या झोनमध्ये येतं, त्या झोनला बाहेर पडायचा आदेश निघाला आहे का, आणि निघाला असेल तर ते कोणाकडे जाणार, हे विचारा. तो पत्ता लिहून घ्या, कारण नंतर फोन लागेलच असं नाही.